पाल गेली का?

बसस्थानकावर तिला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे सूचनाबाई म्हणतात. ड्रायव्हर म्हणतात, पार्सलवाला म्हणतो, साहेबसुद्धा म्हणतात. तिची प्रत्येक घोषणा ‘सूचना’ या शब्दाने सुरू होते आणि त्यानंतर ती जरा थांबते. तेवढ्या थांबण्यात सगळं स्थानक मान वर करतं. कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाकडे माणसं वर बघतात, जणू तो आवाज छतातच राहतो.

तिची केबिन पहिल्या मजल्यावर. एक टेबल, एक खुर्ची, कुरकुरणारा पंखा, समोर सगळे फलाट दाखवणारी मोठी काच, आणि माईक. माईकच्या पायाशी बटण. जुन्या माईकचं बटण बोलणं संपेपर्यंत दाबून धरावं लागायचं. बोट उचललं की आवाज बंद. मग नवीन माईक आला. तो बसवणारा म्हणाला, “बाई, आता बोट दुखायचं नाही. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद.” ती खूश झाली. इतकी वर्षं दुखणाऱ्या त्या बोटानेच आपल्याला सांभाळलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ती आधी तिकीट खिडकीवर होती. जुन्या निवेदकाचा घसा कायमचा बसला तेव्हा साहेबांनी तात्पुरती म्हणून तिला वर पाठवली, आणि ती वरच राहिली. आवाज खणखणीत, शब्द सुटे सुटे. घरीही ती तशीच बोलते, म्हणून तिची लेक तिला चिडवायची, “सूचना. भात तयार आहे. संबंधितांनी ताट घेऊन यावे.” नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातून दोनदा घरी. बाकीचा सगळा संसार या दोन आवाजांचा.

लेक चौदा वर्षांची. उंचीने आईच्या कानाला लागलेली, तोंडाने आईच्याही पुढे. कुणाला भीक घालणारी नव्हे. फक्त पाल दिसली की तिचं सगळं अवसान गळतं.

त्या दुपारी दोन गाड्यांच्या मध्ये सूचनाबाईचा फोन वाजला.

“आई, ओट्यावर पाल आहे. मोठी आहे. माझ्याकडेच बघतेय.”

सूचनाबाईचा एक आवाज स्थानकाने कधी ऐकला नव्हता. तो फक्त या मुलीसाठी होता, ती पाळण्यात होती तेव्हापासूनचा.

“अगं माझं मऊ मऊ गोळू ते, घाबरू नको हं. पलंगावर चढून बस. पाय वर घे. पाल म्हणजे काय वाघ आहे का? तिला म्हणावं, आई येतेय, पळ इथून. गेली का? बघ बरं. पाल गेली का? गेली का गं पाल?”

असं बोलत बोलत तिने काचेतून खाली पाहिलं. सगळ्या माना वर होत्या. सगळे हसत होते. मग तिला बटण दिसलं.

चौकशीच्या खिडकीवरचे काका जिना चढून धापा टाकत आले आणि दारातूनच म्हणाले, “बाई, काय झालं? पाल गेली का?” ती तोंडावर हात ठेवून हसली. काकाही हसले. आपण त्या दिवशी हसलो, हे तिला पुढे फार सलत राहिलं.

खाली कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला संगीत चढलं. मग चित्र चढलं. दोन वेण्या घातलेली पाल, पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. शेवटी ‘पाल गेली का?’ तीनदा, दर वेळी आधीपेक्षा चिरका. रात्रीच्या मुक्कामावर नवऱ्याला ते दुसऱ्याच एका ड्रायव्हरने दाखवलं. म्हणाला, बघ, काय भारी आहे. नवऱ्याने पूर्ण पाहिलं आणि फोन त्याला परत दिला. आपल्याच बायकोचा आवाज आहे असं त्याच्याने सांगवलं नाही.

शाळेत सांगावं लागलंच नाही. सूचनाबाईची लेक कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावर बसताना, फळ्याकडे जाताना, नळावर पाणी पिताना, कुठूनतरी हळूच यायचं, “गोळू, पाल गेली का?” ती पहिले काही दिवस उलट बोलली. मग तिचं उलट बोलणंही कुणीतरी टिपलं.

शाळेला हे कळलं नाही असं नाही. शाळेने लगेच सप्ताह घेतला, ‘जबाबदार डिजिटल नागरिक’. संगणकाच्या सरांनी पडदा लावला, पासवर्ड कुणाला देऊ नये ते सांगितलं, पडद्यासमोर किती वेळ बसावं ते सांगितलं, आणि म्हणाले, “आता असं काय करू नये, त्याचं एक उदाहरण बघू.” आणि त्यांनी तेच लावलं. मुलीची ओळख पटू नये म्हणून पालीच्या डोळ्यांवर त्यांनी काळी पट्टी ओढली होती. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. सर म्हणाले, “हसण्यासारखं काय आहे त्यात?” आणि हे म्हणताना त्यांच्याही ओठांचा एक कोपरा वर गेला. तो कोपरा लेकीने पाहिला.

सप्ताहाच्या शेवटी चित्रांची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस झिपऱ्याला. कपाळावर केस सोडणारा, मागच्या बाकावरचा, सगळ्यांचा लाडका. त्याने एक लाल हात काढला होता, हातापुढे मोबाईल, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘पाठवण्याआधी थांबा’. ते चित्र शाळेच्या दारातच टांगलं.

दुसऱ्या दिवसापासून लेक शाळेत गेली नाही. आधी पोट दुखलं, मग डोकं, मग काहीच दुखेनासं झालं.

“नाही जाणार.”

“किती दिवस?”

“ज्याने केलं त्याच्यावर सगळे हसत नाहीत तोपर्यंत. एकदाच. माझ्यासारखंच. मग जाईन.”

“आणि नाही हसले तर?”

“तर घरीच बसेन. तू जा ना कामावर.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तसं पाहिलं तर पहिल्यांदा तूच पाठवलंस आई. सगळ्या स्थानकाला.”

सूचनाबाईने पोळपाट धुतला. धुतलेलाच परत धुतला. कोणी कानफटात मारली असती तर तिने हात उगारला असता; यावर उगारायला काही नव्हतं. त्या क्षणी तिच्या पोटात जे शिरलं ते दुःख नव्हतं. दुःखाला बसायला जागा लागते, हे उभंच होतं. तिने डूख धरला.

इतके दिवस तिने ते पूर्ण ऐकलं नव्हतं. आता ती केबिनमध्ये बसून, माईक बंद आहे ना हे चारचारदा बघून, फोन कानाला लावून ऐकू लागली. संगीत सोडून. स्वतःचा आवाज सोडून. मागचं. मागे गाडीचं इंजिन होतं, शेंगदाणेवाल्याची हाक होती, आणि अगदी जवळ, मोबाईल धरणाऱ्याच्याच छातीतून यावं असं हसू होतं. ते हसू उचकीसारखं अडकायचं आणि मग सुटायचं. हिक, आणि मग हा हा.

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. तिच्या मनात ती चुकचुकली, आणि या शब्दावर ती दात आवळून हसली.

असं हसू तिने कुठेतरी ऐकलं होतं. काचेखाली, रोज, शाळा सुटल्यावर. तिने घरी लेकीला जवळ बसवून फक्त तेवढाच तुकडा ऐकवला. लेकीने एकदाच ऐकलं.

“झिपऱ्या,” ती म्हणाली. “लाल हातवाला.”

सूचनाबाई सरांना भेटायला गेली. सर चांगले होते, त्यांनी खुर्ची दिली.

“ताई, हसण्यावरून कसं हो ओळखणार? सगळी पोरं सारखीच हसतात.”

“नाही हसत.”

“आणि तो? अहो, पहिलं बक्षीस आहे त्याचं. त्याला विषय कळलाय हो.”

“हो,” सूचनाबाई म्हणाली, “विषय चांगलाच कळलाय.” आणि उठली.

झिपऱ्या डोंगराकडच्या गाडीने जायचा. ती गाडी कधी चार नंबरला लागते, कधी थेट पलीकडच्या टोकाला. कुठे लागली ते वरून सांगेपर्यंत कुणाला कळत नाही. सूचनाबाईने काचेतून त्याला हेरलं. बाकावर बसून मोबाईलमध्ये डोकं घातलेला. गाडी पलीकडे लागली. ती गप्प राहिली. इंजिन सुरू झालं. ती गप्प राहिली. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, “सूचना. डोंगराकडे जाणारी गाडी फलाट अकरावरून सुटत आहे.” झिपऱ्या दप्तर सावरत धावला. गाडीच्या मागच्या धुरात तो उभा राहिलेला तिने पाहिला आणि तिला पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

त्याच धुरात औषधांची पिशवी घेतलेली एक म्हातारीही उभी होती. तिची गाडीही तीच. सूचनाबाईने तिलाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. चौकशीकाका म्हणाले, “बाई, घसा बसलाय का? म्हातारी माणसं खिडकीवर येऊन माझ्या नावाने बोटं मोडतात.”

“होईल आपोआप ठीक,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने काहीच सांगितलं नाही. गाडी आली आणि गेली. झिपऱ्या बाकावरून उठला, मोकळ्या फलाटाकडे पाहत राहिला, आणि मग त्याने वर बघितलं. कर्ण्याकडे. त्या दिवशी त्याच्या हातात मोबाईल नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. मग तिला दोन घोषणा कराव्या लागल्या, आणि परत पाहिलं तर तो बाकावर नव्हता.

दिवेलागणीला एक बाई चौकशीच्या खिडकीशी आल्या. कपड्यांना धुण्याच्या पावडरचा वास, बोटांची टोकं पांढरी पडलेली. कपडे धुण्याच्या दुकानात कामाला असाव्यात. त्या घाबरून इतक्या भरभर बोलत होत्या की काकांना काही समजेना, म्हणून काकांनी त्यांना वरच आणलं.

“ताई, माझा मुलगा. दोन दिवस उशिरा येतोय, म्हणतो गाडी चुकली. काल त्याच्या वडिलांनी मोबाईल काढून घेतला, म्हणाले मित्रांत उंडारतोस. आज आलाच नाही. इथेच असेल कुठेतरी. घाबरून बसला असेल. तुम्ही पुकारा ना.”

त्यांनी त्याचं नाव सांगितलं. सूचनाबाईने मान हलवली. तिला ते नाव ठाऊक होतं.

तिने बटण दाबलं. “सूचना.” थांबली. त्याचं शाळेतलं नाव घेतलं, आडनावासकट. आई वाट पाहत आहे, चौकशी खिडकीपाशी यावे. खाली माणसं इकडेतिकडे बघू लागली. कुणी आलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. कुणी आलं नाही.

“असा नाही यायचा तो,” आई म्हणाल्या. “त्याला वाटेल, वडील आलेत. तुम्ही घरचं नाव घ्या. ते फक्त मी म्हणते. ते ऐकलं की त्याला कळेल, आई आहे.” आणि त्यांनी ते नाव सांगितलं.

ते नाव इथे लिहिलं तर ते इथूनही पुढे जाईल, म्हणून लिहीत नाही. एवढंच की ते दुपट्यातल्या पोराचं नाव होतं, आणि कपाळावर केस सोडणाऱ्या मुलाला ते जन्मभर पुरलं असतं.

“आणि म्हणा,” आई पुढे म्हणाल्या, “की आई दिवा मालवणार नाही. त्याला अंधाराची भीती वाटते हो. अजून. रात्री दिवा चालू ठेवूनच झोपतो. म्हणजे त्याला खात्री पटेल.”

सूचनाबाईने काचेतून खाली पाहिलं. शिकवणी सुटली होती. पोरापोरींचे घोळके फलाटावर उभे होते, प्रत्येकाच्या हातात उजेडाचा एक चौकोन. सगळ्या जगात सूड इतका सोयीस्कर कुणाला मिळाला नसेल. तिने काही शोधलं नव्हतं, काही चोरलं नव्हतं. मुलाच्या आईने स्वतः जिना चढून, हात जोडून, तो तिच्या ओंजळीत घातला होता. आणि हे करणं म्हणजे नेमून दिलेलं काम करणं. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. उद्या सकाळी लेक शाळेत गेली असती.

तिने बटणावर बोट ठेवलं. तोंड माईकजवळ नेलं. ते नाव जिभेवर होतं, त्याचं पहिलं अक्षर ओठांवर आलं होतं.

दया आली असं कुणी समजू नये. तिला दया आली नाही. तिला इतकंच दिसलं की घोषणा झाली की संपते. गाडी गेल्यावर गाडीच्या घोषणेत काय उरतं? हे नाव एकदा त्या पोरांच्या हातांत पडलं की ते त्यांचं होईल, तिचं राहणार नाही. आणि तिला ते स्वतःजवळ हवं होतं.

“सूचना,” ती म्हणाली, आणि थांबली. मग त्याच आवाजात, जो आवाज स्थानकाने एकदाच ऐकला होता, म्हणाली, “पाल गेली. ज्याने विचारलं होतं त्याने बाहेर यावं. पाल गेली. आई आली आहे.”

सगळं स्थानक फुटलं. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसली. मोबाईल वर झाले. होऊ देत, ती मनात म्हणाली, हे माझंच आहे, जुनंच आहे, घ्या परत.

पार्सलच्या खोलीमागून झिपऱ्या बाहेर आला. एकटा तोच हसत नव्हता.

काकांनी त्याला वर आणलं. त्याच्या आईचं त्याला मिठी मारून झाल्यावर, आणि दोन धपाटे घालून झाल्यावर, सूचनाबाई म्हणाली, “ताई, तुम्ही खाली पाणी प्या. काका देतील. याच्याशी मला जरा गाडीबद्दल बोलायचंय.”

दार लागलं. तिने माईकचं बटण पाहिलं. बंद होतं. तरी माईकवर खुर्चीतली उशी ठेवली.

“काकू,” झिपऱ्या म्हणाला, “मी फक्त दोघांना पाठवलं होतं.”

“मी तर एकटीलाच सांगत होते. माझ्या लेकीला.”



“डिलीट करतो, काकू. आजच.”

“तुझ्याकडे मोबाईल आहे?”

“नाही.”

“आणि असता तरी? कुठून कुठून काढशील? तुझ्या बाबांच्या फोनमध्ये आलंय का ते?”

“हो. बाबा खूप हसले.” हे बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. “त्यांना माहीत नाही मी केलं ते.”

“मग उद्या वर्गात उभं राहून सांगायचं. मी केलं. लिहून नाही, चित्र काढून तर मुळीच नाही. तोंडाने. सरांसमोर. आणि ज्यांना पाठवलंस त्या दोघांना सांगायचं, त्यांनी ज्यांना पाठवलं त्यांना सांगा, काढून टाका. सगळे काढणार नाहीत. तरी सांगायचं.”

“नाही सांगितलं तर?”

“तर काही नाही.” ती जरा पुढे झुकली आणि ते नाव त्याच्या कानाशी म्हणाली. फक्त नाव. मग म्हणाली, “आणि दिव्याचंही मला ठाऊक आहे.”

झिपऱ्याचा चेहरा उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा पांढरा पडला.

“काकू, तुम्ही सांगणार?”

“मी कुठे सांगितलं? सांगायचं असतं तर मघाशीच सांगितलं नसतं? मी इथेच असते. रोज. तुझी गाडी उद्यापासून वेळेवर पुकारीन. कान उघडे ठेवून बसत जा.”

त्याने वर्गात सांगितलं. सरांनी चित्र दारातून काढून घेतलं आणि त्या जागी काय लावावं हे न सुचून खिळा तसाच ठेवला. ही बातमी लेकीला मैत्रिणीकडून कळली. ती संध्याकाळी आईच्या समोर येऊन बसली.

“तू त्याचं काय काढलंस?”

सूचनाबाईने सगळं सांगितलं. म्हातारीची गाडी चुकवली तेही. लेक ते नाव ऐकून हसली, कितीतरी दिवसांनी, पोट धरून. मग तिने विचारलं, “दिवा पण? खरंच?”

“खरंच.”

“मी उद्या तुझ्याबरोबर येते,” ती म्हणाली. “केबिनमध्ये.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर झिपऱ्या आपल्या घोळक्यात बाकावर बसला होता. डोंगराकडची गाडी चार नंबरला लागली. लेकीने आईला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. सूचनाबाईने अडवलं नाही. या मुलीचं जे गेलं होतं ते या खुर्चीतूनच गेलं होतं.

लेकीने बटण दाबलं. “सूचना.”

नवा आवाज ऐकून सगळं स्थानक वर बघायला लागलं. झिपऱ्याही. त्याने काचेमागे तिला ओळखलं. ती थांबली. आई थांबते त्याहून जास्त थांबली. कर्ण्यांतून फक्त तिचा श्वास येत होता, आत, बाहेर, आत. झिपऱ्या हळूहळू उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, नको नको असं म्हणत असावेत. मित्र त्याला विचारत होते, काय झालं रे. तिने त्याला त्या श्वासात उभं ठेवलं, तिला हवं होतं तितका वेळ.

“डोंगराकडे जाणारी गाडी,” ती म्हणाली, “फलाट चारवर उभी आहे. प्रवाशांनी सावकाश चढावे.”

आणि बटण दाबून बंद केलं. सूचनाबाईने वाकून खात्री केली.

सोमवारी लेक शाळेत गेली. नळावर ती पाणी पीत असताना मागून कुणीतरी म्हणालंच, सवय होती म्हणून, “गोळू, पाल गेली का?”

तिने सावकाश तोंड पुसलं. थोड्या अंतरावर झिपऱ्या बाटली भरत होता, त्याचा हात थांबला होता.

“नाही,” ती त्याच्याकडे बघत म्हणाली. “वरच आहे. बघतेय.”